कोणत्या वह्या बुडवाव्या?

आजवर या मासिकातून आम्ही नाम, संतसंग, वैराग्य, वारीचा नेम अशा विषयांवर लिहीत आलो. आजचा विषय थोडा निराळा आहे. गावातल्या माणसांनी उद्योगधंदा करावा, चार पैसे मिळवावे, गावाची सांपत्तिक स्थिती सुधारावी, या गोष्टीकडे वारकऱ्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? तिला हातभार लावावा, की 'हा प्रपंच. आपल्याला काय करायचे?' म्हणून बाजूस व्हावे? हा प्रश्न आम्हांस कोण्या ग्रंथात भेटला नाही. तो एका खेड्यातील बाईने विचारला, आणि विचारण्याची वेळ तिच्यावर आमच्याच कीर्तनाने आणली. म्हणून आधी ती हकीकत सांगतो, शास्त्र मागाहून.

तीन वर्षांमागे बालाघाटाच्या डोंगररांगेतील एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. पाचव्या दिवसाची कीर्तनसेवा आमच्याकडे होती. विषय वैराग्याचा. ओघात तुकोबारायांची कर्जरोख्यांची कथा आली. सावकारीच्या वह्या, इंद्रायणीचा डोह, आणि त्या पाण्यात सोडून दिलेले कागद. मृदंगवाल्याने हात चांगला धरला होता, टाळकरी भरात होते, रंग चढला. त्या भरात आम्ही हात उंचावून म्हणालो, "अरे, पैसा म्हणजे माती! बुडवा त्या वह्या आणि मोकळे व्हा!" मंडपात विठ्ठलनामाचा गजर झाला. आम्हांसही वाटले, आज सेवा चांगली झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या घरी एक पन्नाशीच्या बाई आल्या. पदर सावरून पाया पडल्या. हातात कापडात गुंडाळलेली एक वही होती. म्हणाल्या, "महाराज, कीर्तन लई गोड झालं. पण आमचा हप्ता अडकला."

आम्हांस काही उमगेना. मग त्यांनी सांगितले ते असे. गावात अकरा बायांचा बचत गट आहे. आठवड्याला थोडे थोडे साठवून, मग बँकेचे कर्ज काढून त्यांनी तुरीची डाळ करण्याचे लहान यंत्र घेतले होते. दोघींनी तूर खरेदीसाठी गटातून पैसे उचलले. डाळ विकली गेली, पैसे घरी गेले, ते गटाकडे परत आले नाहीत. बँकेचा हप्ता तर दर महिन्याला दारात उभा. त्यांपैकी एकीच्या नवऱ्याने आदल्या रात्री कीर्तनाहून परतताना पारावर चारचौघांत सांगून टाकले, "आता मागायला येऊ नका. महाराजच म्हणाले, वह्या बुडवा."

"मग माउली, तुम्ही काय बोललात?"

"म्या काय बोलणार? तुमचं नाव घेतल्यावर बोलायची सोय ऱ्हाती का? पण एक विचारू का, महाराज?"

"विचारा."

"तुकोबारायांनी बुडवल्या त्या वह्या घेण्याच्या व्हत्या, का देण्याच्या?"

वाचकहो, आमचे अध्ययन पाठशाळेतले. व्याकरण झाले, न्यायाची तोंडओळख झाली, गुरुजींपुढे बसून वेदान्ताचे पाठ घेतले. शंका-समाधान हाच तेथला नित्याचा व्यवहार. पण इतकी नेमकी शंका आम्हांस कोणी कधी घातली नव्हती. आम्ही त्या बाईंना एवढेच म्हणालो, "माउली, संध्याकाळपर्यंत वेळ द्या." तो सारा दिवस आम्ही विचारात घालवला. त्या विचाराचा सारांश येथे देत आहोत.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. कोणी म्हणेल, "पैशाच्या मागे लागला तो देवाला विसरला. ज्या गावांत सडकेच्या कडेच्या जमिनी विकून पैसा आला, तेथे काय झाले पाहा. भावाभावांचे दावे कोर्टात गेले, दारूचे दुकान आले, हरिपाठाला चार म्हातारे उरले. संतांनी धनाचा तिटकारा शिकवला. तुळशीची माळ, गोपीचंदन आणि मुखी नाम असले की वारकऱ्यास आणखी काय पाहिजे? बाकीचे देव पाहून घेईल." हा पूर्वपक्ष पोकळ नाही. अशी घरे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. आयता आलेला पैसा माणसाला कोठे नेतो हे सांगायला कीर्तनकाराची गरज नाही.

परंतु आता शास्त्राकडे पाहा. आपल्या पूर्वजांनी चार पुरुषार्थ सांगितले. त्यांत अर्थ दुसरा. त्याच्या आधी धर्म उभा आहे आणि शेवटी मोक्ष. म्हणजे अर्थाला घरात जागा दिली, पण पुढे-मागे राखणदारही ठेवला. कौटिल्याने चार विद्या मोजल्या: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. त्यांतील वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार. आज 'वार्ता' म्हटले की लोकांना बातमी आठवते. पण जुन्या काळी पोट भरण्याच्या शास्त्राला हे नाव होते, आणि वेदविद्येच्या पंक्तीला तिला पाट मांडला होता. गीतेतील योगक्षेम हा शब्द तर आपण रोज ऐकतो. आचार्यांनी त्याचा अर्थ उलगडला आहे तो असा, की जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेल्याचे रक्षण हा क्षेम. भगवंत भक्ताचे योगक्षेम वाहतो. ज्या गोष्टीचे ओझे भगवंत आपल्या खांद्यावर घेतो, ती गोष्ट तुच्छ कशी म्हणावी?

आणि आपली संतमंडळी कोण होती? सावतोबा अरणच्या मळ्यात भाजी पिकवीत होते. नामदेवराय शिंप्याच्या घरचे, सेनाजी न्हावी, नरहरी महाराज सोनार. गोरोबाकाका तेरला चाक फिरवीत होते. आता हे तेर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले गाव. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने ते मोठे व्यापारी नगर होते, आणि तेथले कापड भडोचच्या बंदरावरून समुद्रापार जात असे. परदेशी खलाशांच्या ग्रंथातही त्याची नोंद आहे. अशा मातीत गोरोबाकाकांचे मडके घडले. तुकोबाराय स्वतः वाण्याच्या घरचे. देहूच्या बाजाराची महाजनकी त्यांच्या घराण्याकडे होती. त्यांच्या हाती तराजू होता. यांपैकी कोणीही आपला धंदा हलका म्हणून टाकला नाही.

आज मात्र खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला तराजू घेऊन आठवडी बाजारात बसण्याची लाज वाटते. 'वाणीपणा करतो' असे कोणी म्हणेल ही धास्ती. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी ही म्हण तोंडाने म्हणायची आणि मुलगी द्यायची ती चाकरीवाल्याला! परिणाम काय होतो पाहा. शेतकरी तूर विकतो आणि दोन महिन्यांनी डाळ विकत आणतो. क्विंटलभर तुरीची सुमारे ७० ते ७५ किलो डाळ निघते. शिवाय चुणी निघते ती जनावरांना होते. भिजवणे, वाळवणे, भरडणे, पाखडणे हे काम गावात झाले असते तर त्याची मजुरी गावात राहिली असती, चुणी गावच्या गोठ्यात गेली असती. हे ओळखून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ मिल तयार केली. मोठा कारखाना नको, मोठे भांडवल नको. दहा-बारा बायांना चालवता यावी अशी. त्या बाईंच्या गटाचे यंत्र याच जातीचे. अकरा बायांनी लाज सोडून तराजू हाती धरला होता, आणि आमच्या एका वाक्याने त्या तराजूचे पारडे हलले.

आता मूळ शंकेकडे येऊ. वह्या कोणत्या बुडाल्या?

ती कथा परंपरेने चालत आली आहे, आणि ती पुरी सांगितली तर अशी आहे. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर घोर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली. तुकोबारायांच्या घरातही पहिली पत्नी आणि लहान मूल गेले. लोकांकडे सावकारीचे येणे होते. वसुलीला जावे तर दारात उपाशी माणूस. तेव्हा तुकोबारायांनी धाकटे बंधू कान्होबा यांस बोलावले. रोख्यांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला. आपल्या वाट्याचे रोखे तेवढे इंद्रायणीत सोडले.

येथे आमच्याकडून काय झाले होते? कीर्तनात कथा रंगावी म्हणून आम्ही कान्होबांना गाळले होते. एक वेळ नव्हे, पुष्कळ वेळा. वाटणीचा प्रसंग रुक्ष वाटतो. डोहाचा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो. पण सारे मर्म त्या रुक्ष वाटणीतच आहे. पहिली गोष्ट, बुडवले ते येणे होते, देणे नव्हते. लोकांनी तुकोबारायांना द्यायचे होते ते त्यांनी सोडले. कोणाचे देणे त्यांनी बुडवले असा शब्द कोठे नाही. दुसरी गोष्ट, भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. वैराग्य झाले ते आपल्याला. भावाला झाले की नाही ते भावाने पाहावे. आणि तिसरी गोष्ट, कान्होबांनी आपला वाटा ठेवला म्हणून त्यांना कोणी अभक्त ठरवले नाही. तुकोबारायांच्या वैकुंठगमनानंतर शोक करणारे कान्होबांचे अभंग आपण गाथेत आदराने वाचतो.

तेव्हा निर्णय असा, की वैराग्य आपल्या धनाविषयी असते. दुसऱ्याच्या धनाविषयी तेच वागणे केले तर त्याला बेफिकिरी म्हणतात, आणि जाणूनबुजून केले तर चोरी. ज्याने उसने घेतले आणि 'पैसा माती आहे' म्हणून परत दिले नाही, त्याने माती म्हणून तरी ती ज्याची त्याला नेऊन द्यावी.

आणखी दोन कथा पाहा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली. काम पुण्याचे, पण धान्य बादशहाचे. मग विठ्ठल काय करतो? तो विठू महार होऊन बेदरच्या दरबारी जातो, धान्याची किंमत मोजून देतो आणि पावती घेऊन येतो. गुजरातच्या नरसी मेहत्यांनी द्वारकेच्या सावळशेटावर हुंडी लिहिली, तेव्हा भगवंताने शेट होऊन ती हुंडी वटवली. दोन्ही ठिकाणी चमत्कार कोणता? देणे फेडले हा. देवाने भक्ताचे कर्ज बुडवून दाखवले अशी एकही कथा आमच्या ऐकिवात नाही. देवाला पावती घ्यावीशी वाटली, आणि आम्ही भक्त म्हणवणारे वहीला कमी लेखतो!

परंतु येथे थांबलो तर विचार अर्धा राहील. वही म्हटली की खेड्यातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, त्याला कारण आहे. १२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव चढला होता, तो पुढे कोसळला. सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मात्र व्याजावर व्याज चढून फुगत गेले. पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी लोकांनी रोखे आणि चोपड्या जाळल्या. माणसांच्या जिवाला त्यांनी क्वचितच धक्का लावला. राग कागदावर होता. कारण तो कागद लिहिणारा एकटा सावकार, आणि अंगठा उठवणाऱ्याला त्यातले अक्षर वाचता येत नव्हते. त्या जाळणाऱ्यांना आम्ही पापी म्हणणार नाही. पण वही जळाली तरी पुढच्या पेरणीचे बियाणे कोठून आणायचे हा प्रश्न तसाच उरला. १८७९ साली सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला; १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची साथ मिळाली, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या स्वतःच्या साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. जाळण्याची वही ती आपली वही झाली, हा पाऊणशे वर्षांचा प्रवास आहे. आणि हेही सांगितले पाहिजे, की पुढे ज्या सहकारी संस्थांत वही पुन्हा एकाच्या कपाटात गेली, त्यांतल्या कितीतरी बुडाल्या.

म्हणजे वही वाईट नाही. मिटलेली वही वाईट. त्या बाईंनी आणलेली वही आम्ही उघडून पाहिली. बैठकीत कोण हजर, कोणी किती भरले, कोणी किती उचलले, सगळे लिहिलेले. खाली सह्या, दोन ठिकाणी अंगठे. आम्ही विचारले, "ही वाचतं कोण?" त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला मोठ्यानं वाचतो. ज्यांना अक्षर येत न्हाई त्यांनी ऐकायचं."

या गटांची रीत आम्ही पुढे समजून घेतली. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने, जिला लोक नाबार्ड म्हणतात, १९९२ साली अशा गटांना बँकांशी जोडण्याचे काम हाती घेतले. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून 'उमेद' अभियान हे काम करीत आले. गटाला पाच सूत्रे पाळावी लागतात: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. ही पाच सूत्रे ऐकली आणि आम्हांस हसू आले. पाचही ठिकाणी 'नियमित'! अहो, हे तर आपल्याच घरचे आहे. वारकरी म्हणजे नेमाचा माणूस. एकादशी चुकवायची नाही, हरिपाठ चुकवायचा नाही, वारी चुकवायची नाही. ज्याला पंधरा दिवसांची एकादशी पाळता येते, त्याला महिन्याचा हप्ता का पाळता येऊ नये?

दिंडीचेच उदाहरण घ्या. आषाढीला निघताना प्रत्येक वारकरी भिशी भरतो. त्या पैशांतून शिधा, तंबू, पाण्याचा टँकर यांची तजवीज होते. कोणी श्रीमंत म्हणून वेगळी पंगत नाही. रोज मुक्काम हलवायचा, शेकडो माणसे जेवू घालायची, सामानाचा ट्रक वेळेवर पुढे धाडायचा. हे ज्यांना जमते त्यांनी 'आम्हां अडाण्यांना धंदा कसला जमतो?' असे म्हणू नये. आणि माउलींच्या सोहळ्यातील समाज आरती आठवा. चोपदार चोप उंचावतात, लाखाचा समाज गप्प होतो, आणि मग काय पुकारतात? वाटेत काय हरवले आणि कोणाला काय सापडले ते. कोणाची पिशवी, कोणाचे पैसे. सापडलेली वस्तू ज्याची त्याला जाते. पालखीपुढे, देवाच्या साक्षीने, परक्याचे धन परत करण्याचा हा रोजचा पाठ आहे. तो पंढरीहून परतताना वाटेत टाकून येऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता दुसरी बाजू. उद्योग म्हणजे हाव नव्हे, याचे भान कोणी द्यायचे? हे काम मात्र परमार्थाचेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. १९७२ च्या दुष्काळानंतर ते गाव ओस पडत चालले होते; माणसे मजुरीला बाहेर जात. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानाने पाणी अडवले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. आणि पाणी आल्यावर काय केले? शेतीला बोअर घ्यायचा नाही, पाणी पिणारा ऊस लावायचा नाही, असा निर्बंध स्वतःवर घातला. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. दूध वाढले, बाहेर गेलेली माणसे परत आली. उपास पाळणाऱ्याला यात नवल वाटू नये. ताट पुढे असताना हात आवरणे हीच एकादशीची शिकवण. जेथे हा आवर नाही, तेथे पैसा येतो आणि मागून विहिरी कोरड्या पडतात.

आणि ज्याला खरोखरच फेडता येत नाही त्याचे काय? पीक गेले, घरात आजार आला, त्याला 'परतफेड हा धर्म' असे ऐकवणे हा अधर्म होय. तुकोबारायांनी रोखे सोडले ते अशाच माणसांचे. म्हणजे कथेतून दोन धर्म निघतात. ज्याने द्यायचे त्याने मनोभावे फेडावे; ज्याला यायचे त्याने समोरच्याचे ताट पाहावे. सावकारीत हे दोघे निरनिराळ्या घरांत राहतात, म्हणून एकाला दुसऱ्याचे ताट दिसत नाही. बचत गटात देणारी आणि घेणारी एकाच सतरंजीवर बसतात. कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते तेथे वहीशिवायही कळते.

असो. त्या दिवशी सायंकाळच्या हरिपाठानंतर आम्ही मंडपात उभे राहिलो आणि सांगितले, "काल आम्ही कथा अर्धी सांगितली. ती चूक आमची." मग कान्होबांसह सगळी कथा सांगितली. कोणाचे नाव घेतले नाही. गजर झाला नाही; मंडप शांत होता. कीर्तनकाराला ती शांतता जड जाते, पण आम्ही ती सोसली.

पुढे काय झाले ते त्या बाईंनी निरोपाने कळवले. ज्याने पारावर आमचे नाव घेतले होते, त्याच्या घरातून दोन हप्त्यांत पैसे आले. दुसरीकडे मात्र पैसे नव्हतेच. सासऱ्याच्या दवाखान्यात गेले होते, आणि ती बिचारी लाजेने बैठकीला येईनाशी झाली होती. गटाने तिला बोलावून आणले, तिचा हप्ता लहान केला, मुदत वाढवली, आणि पाखडण्याचे काम तिला दिले. एकच थकबाकी, पण दोन घरची कारणे दोन. आम्ही व्यासपीठावरून एका वाक्यात दोघींचा निकाल लावला होता.

आता आमच्या स्वतःच्या वहीबद्दल. कीर्तनकाराने सेवेचा मोबदला घेऊ नये हा संप्रदायाचा जुना दंडक आम्हांस पाठ आहे. तरी आम्ही पाकीट घेतो. प्रवासखर्च, घरखर्च, नातवंडांचे शिक्षण, अशी कारणे आम्ही मनाशी देतो. पैसा माती म्हणणाऱ्याच्या खिशात पाकीट असावे, आणि हप्ता भरणाऱ्या बाईला त्याने वैराग्य सांगावे, हे बरे दिसत नाही. याचे पुरते उत्तर आमच्यापाशी अजून नाही. तूर्त एवढे करतो, की जेथे जातो तेथील मंडळींस सांगतो, आमच्या पाकिटाचा आकडा सप्ताहाच्या जमाखर्चात लिहा आणि सर्वांसमक्ष वाचा. वाचला जाणार म्हटल्यावर आकडा आपोआप खाली येतो, हा अनुभव आहे.

म्हणून वाचकांस तीन विनंत्या. कीर्तनकार बंधूंनो, वैराग्य सांगाल तेव्हा ते कोणाच्या धनाविषयीचे ते स्पष्ट सांगा, आणि रोख्यांच्या कथेतून कान्होबांना गाळू नका. सप्ताह करणाऱ्या मंडळींनो, काल्याच्या दिवशी प्रसादाआधी जमाखर्च वाचून दाखवा, आणि शिधा, द्रोण-पत्रावळी, हार-तुरे, मसाला यांतले जे गावातल्या हातांनी होते ते गावातून घ्या; उधार घेऊ नका, फुकट मागू नका. आणि घरोघरच्या वारकरी मंडळींनो, मुलाने वा सुनेने काही धंदा करतो म्हटले तर 'हे आपल्यात नाही' असे म्हणू नका. आपल्यात काय काय होते ते अरणला, तेरला आणि देहूला जाऊन विचारा.

गेल्या वर्षी त्याच गावी पुन्हा सेवेचा योग आला. काल्याच्या महाप्रसादाला आमटीची डाळ बायांच्या गटाकडून घेतली होती. पंगत बसण्यापूर्वी सप्ताहाच्या कारभाऱ्यांनी त्या बाईंच्या हातावर रोख पैसे मोजले. बाईंनी ते पुन्हा एकदा मोजले, वहीत लिहिले, आणि पावती फाडून दिली. कारभारी म्हणाले, "देवाच्या कामाला पावती कशाला, अक्का?" बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "घ्या, कारभारी. विठोबानेही घेतली होती."

रामकृष्णहरि.